‘प्यायलेली असणार!’ : रिटा हेवर्थ, तिची मुलगी आणि एका आजाराचं नाव

‘शॉशँक रिडेम्प्शन’ बघितलाय ना? त्यात अँडी आपल्या कोठडीच्या भिंतीवर एका नटीचं भलंमोठं पोस्टर लावतो. ती नटी म्हणजे रिटा हेवर्थ. स्टीफन किंगच्या ज्या लघुकादंबरीवर हा सिनेमा बेतलाय, तिच्या तर नावातच रिटा हेवर्थ आहे. आपल्या पिढीतल्या बहुतेकांची तिच्याशी ओळख तेवढीच, पोस्टरपुरती.

आजचा भाग त्या पोस्टरमधल्या बाईच्या शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांबद्दल आहे, आणि तिला सांभाळणाऱ्या तिच्या मुलीबद्दल. ही हॉलिवूडची गोष्ट आहे खरी, पण ऐकताना तुम्हाला तुमच्या ओळखीचं एखादं घर आठवलं तर नवल नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

रिटाचं खरं नाव मार्गारिटा कान्सिनो. जन्म १७ ऑक्टोबर १९१८, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. वडील स्पॅनिश नर्तक. शाळेत जायच्या वयात ती वडिलांची जोडीदार म्हणून क्लबांमध्ये नाचत होती. पुढे सिनेमा, आणि १९४६ साली आलेला ‘गिल्डा’. त्यानंतर ती जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बायकांपैकी एक झाली.

तिची पाच लग्नं झाली. त्यातलं तिसरं, १९४९ सालचं, आपल्या कामाचं. नवरा प्रिन्स अली खान, म्हणजे तिसऱ्या आगाखानांचा मुलगा. हो, तेच आगाखान, ज्यांनी १८९२ साली पुण्यात आगाखान पॅलेस बांधला. गांधीजी जिथे नजरकैदेत होते आणि १९४४ मध्ये जिथे कस्तुरबा गेल्या, तीच वास्तू. रिटा आणि अली खान यांची मुलगी यास्मिन डिसेंबर १९४९ मध्ये जन्मली. ती चार वर्षांची व्हायच्या आत आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि ती आईकडे वाढली. यास्मिनला एक मोठी सावत्र बहीणही होती, रेबेका. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आणि रिटा यांची मुलगी.

संवाद आठवेनात

१९७१ च्या सुमाराला रिटाला ब्रॉडवेवर एक मोठी संधी चालून आली. ‘अप्लॉज’ या संगीत नाटकात लॉरेन बकॉलच्या जागी उभं राहायचं होतं. पण संवादच पाठ होईनात. ते काम सोडावं लागलं. १९७२ मध्ये तिचा शेवटचा सिनेमा आला, ‘द रॅथ ऑफ गॉड’. त्याच्या शूटिंगमध्ये तिला एकेक वाक्य सांगावं लागायचं. एक वाक्य सांगायचं, ते शूट करायचं, मग पुढचं.

तेव्हा तिचं वय किती? त्रेपन्न-चोपन्न. म्हणजे तुमच्या-माझ्या आईच्या वयाच्या आसपास.

आणि मग जानेवारी १९७६. रिटा विमानाने लंडनला आली. प्रवासात तिने बराच आरडाओरडा केला होता. विमानतळावर फोटोग्राफर तयारच होते. विस्कटलेले केस, भांबावलेला चेहरा, आपण कुठे आहोत हेच कळत नसल्यासारखी नजर. ते फोटो जगभर छापून आले. सगळ्यांनी एकच अर्थ काढला: बाई प्यायलेली आहे.

आता इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. रिटा प्यायची. त्यामुळे हा अर्थ अगदी हवेतून आलेला नव्हता, आणि म्हणूनच तो पक्का बसला. विसरली, तर दारूमुळे. चिडली, तर दारूमुळे. घरात कोणीतरी शिरलंय असं म्हणाली, तरी दारूमुळेच. १९७७ मध्ये तिला कॅलिफोर्नियात हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, तेव्हाही सगळा दोष दारूकडेच गेला.

आम्हा कोड लिहिणाऱ्यांना हा प्रकार चांगला माहितीये. एक बग सापडला की सगळा दोष त्याच्यावर टाकून आपण मोकळे होतो आणि खरं कारण आत तसंच राहतं. फरक एवढाच, की इथे आत एक माणूस होता.

डॉक्टरांना कळलं का नाही?

कारण तेव्हा ‘अल्झायमर’ हा शब्द बऱ्याच डॉक्टरांच्याही डोक्यात पटकन येत नसे. त्यासाठी थोडं मागे, जर्मनीत जाऊ.

नोव्हेंबर १९०१. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईला दाखल केलं गेलं. नवरा रेल्वेत कारकून, घरात एक मुलगी. गंमत म्हणजे नवऱ्याला सगळ्यात आधी खटकला तो विसरभोळेपणा नव्हता. आधी आला संशय. तुमचं बाहेर काहीतरी चालू आहे, असं ती म्हणायला लागली. मग स्वयंपाक बिघडायला लागला, वस्तू लपवल्या जायला लागल्या. तिला तपासणाऱ्या डॉक्टरचं नाव अलॉइस अल्झायमर.

ऑगस्टे एप्रिल १९०६ मध्ये वारली. तोवर अल्झायमर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू आणि फाइल मागवून घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना पेशींच्या बाहेर साचलेले थर दिसले आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. ३ नोव्हेंबर १९०६ ला त्यांनी ट्युबिंगेनच्या परिषदेत हे मांडलं. तिथे फारशी कोणी दखल घेतली नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला ‘अल्झायमर’ हे नाव दिलं.

पण त्यात एक मेख होती. ऑगस्टे पन्नाशीची होती, म्हणून ‘अल्झायमर’ म्हणजे तुलनेने कमी वयात होणारा दुर्मिळ आजार, असं ठरून गेलं. सत्तरीच्या माणसाला तेच झालं तर? ते म्हातारपण! आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात ना, तसंच तिथेही. म्हणजे तरुण रुग्णाचा आजार ‘दुर्मिळ’ म्हणून डॉक्टरांच्या लक्षात येत नाही, आणि म्हाताऱ्याचा ‘आजारच नाही’ म्हणून सुटतो. दोन्हीकडून घरचे लोक एकटेच.

हे चित्र बदलायला १९७६ साल उजाडलं. अमेरिकेतले न्यूरोलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी एक छोटं संपादकीय लिहिलं. मुद्दा सरळ होता: पन्नाशीतला अल्झायमर आणि म्हातारपणातला विसर हे दोन वेगळे प्रकार मानायला आधार नाही, आणि दोन्ही एकत्र मोजले तर हा मृत्यूच्या सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक ठरतो. विमानतळावरचे ते फोटो आणि हे संपादकीय, दोन्ही एकाच वर्षातले.

मुलगी पुढे येते

१९८० च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये रिटाच्या आजाराचं निदान झालं: अल्झायमर. संवाद आठवेनासे झाले त्याला तोवर जवळजवळ नऊ वर्षं उलटली होती.

१९८१ मध्ये कोर्टाने यास्मिनला आईची कायदेशीर पालक नेमलं. तेव्हा यास्मिन ३१ वर्षांची होती. शास्त्रीय गायन शिकलेली, त्यातच पुढे जायची इच्छा असलेली. तिने आईला कॅलिफोर्नियातून न्यूयॉर्कला आणलं, सेंट्रल पार्कसमोरच्या सॅन रेमो इमारतीत, स्वतःच्या घराला लागून असलेल्या फ्लॅटमध्ये. याच काळात यास्मिनचं लग्न झालं, १९८५ मध्ये मुलगा झाला. एका दाराआड तान्हं बाळ आणि दुसऱ्या दाराआड मुलीला न ओळखणारी आई.

तुम्ही म्हणाल, पैसा होता, माणसं ठेवता येत होती, तिला काय कठीण? मुद्दा बरोबर आहे. नर्स ठेवणं परवडणं आणि न परवडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो झाकायचं कारण नाही. पण पैशाने एक गोष्ट विकत मिळत नव्हती, ती म्हणजे औषध. अल्झायमरवरचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं १९९३ मध्ये, तेही फक्त लक्षणं थोडी सौम्य करणारं. १९८० मध्ये डॉक्टरांच्या हातात द्यायला काहीही नव्हतं.

मग नाव कळून उपयोग काय झाला?

माझ्या मते आजच्या भागाचा गाभा हाच आहे. नाव कळल्याने रिटा बरी झाली नाही. पण ‘ही असं का वागते’ या प्रश्नाचं उत्तर बदललं. दारूडी बाई स्वतःच्या कर्माची फळं भोगते, असं जग म्हणतं आणि तोंड फिरवतं. आजारी बाईला सांभाळावं लागतं. बाई तीच होती. जगाची वागणूक मात्र बदलली.

आणि यास्मिनने ते नाव लपवलं नाही, जगासमोर उघडपणे सांगितलं. ‘गिल्डा’च्या नावाशी हा शब्द जोडणं सोपं नव्हतं. तेव्हा अशा रुग्णांच्या घरची माणसं नुकतीच एकत्र यायला लागली होती. १९८० मध्ये अमेरिकेत त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९८१ मध्ये सांभाळणाऱ्यांसाठी एक पुस्तक आलं, ‘द थर्टी-सिक्स अवर डे’. म्हणजे छत्तीस तासांचा दिवस. ज्यांनी हे केलंय त्यांना या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. यास्मिन या चळवळीत उतरली. १९८५ पासून आईच्या नावाने संशोधनासाठी निधी गोळा करणारे मोठे कार्यक्रम सुरू झाले. पुढच्या काही दशकांत त्यांतून कोट्यवधी डॉलर जमले.

रिटा १४ मे १९८७ रोजी गेली. वय ६८. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी, जे स्वतः हॉलिवूडमधलेच, तिच्या घरच्यांच्या मोकळेपणाचं कौतुक केलं. सात वर्षांनी, नोव्हेंबर १९९४ मध्ये, रेगननी देशाला पत्र लिहून कळवलं की आपल्यालाही हाच आजार झालाय.

आता आपल्याकडे

भारतात १९९२ मध्ये केरळमध्ये अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी सुरू झाली. २०१३ मध्ये ‘माई’ नावाचा हिंदी सिनेमा आला. त्यात आशा भोसले यांनी वयाच्या ७९ व्या वर्षी अल्झायमर झालेल्या आईचं काम केलं. तिला सांभाळणारी मुलगी होती पद्मिनी कोल्हापुरे. म्हणजे शब्द आपल्यापर्यंत पोचलाय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की साठीच्या पुढच्या दर १०० भारतीयांपैकी साधारण ७ जणांना डिमेन्शिया आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. (डिमेन्शिया हा लक्षणांचा समूह, आणि अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण.)

पण घरात काय बोललं जातं? आपल्याकडे दारूच्या जागी दुसरे शब्द आहेत. ‘आई हल्ली मुद्दाम करते.’ ‘सासूबाईंना सूनच नकोय, म्हणून नाटकं.’ ‘म्हातारचळ लागलाय.’ कामवाल्या मावशींवर चोरीचा आळ येतो आणि बांगड्या पिठाच्या डब्यात सापडतात. ऑगस्टे डेटरच्या नवऱ्याने १२५ वर्षांपूर्वी हेच बघितलं होतं: संशय आणि लपवलेल्या वस्तू.

म्हणून या इतिहासातून दोन कामाच्या गोष्टी घेऊन जा.

पहिली, निदान घरबसल्या करू नका, चांगलं नाही आणि वाईटही नाही. विसरभोळेपणा थायरॉईडमुळे असू शकतो, बी-१२ च्या कमतरतेमुळे असू शकतो, नैराश्यामुळे असू शकतो. या गोष्टींवर उपचार आहेत. रिटाच्या बाबतीत एक सोपं कारण हाताशी होतं म्हणून दुसरं शोधलंच गेलं नाही. तुमच्या घरी ते सोपं कारण ‘वय’ असेल किंवा ‘स्वभाव’.

दुसरी गोष्ट कागदांची. आईची सही चालतेय म्हणून अनेक जण मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. पण आपल्या १८७२ च्या करार कायद्यानुसार, अधिकार देणाऱ्या व्यक्तीची निर्णयक्षमता गेली की ते मुखत्यारपत्रही संपतं. मग यास्मिनसारखं कोर्टातच जावं लागतं. त्यामुळे बँकेत नॉमिनी, जॉइंट खातं, मृत्युपत्र, उपचारांबद्दल आईला काय हवंय, हे सगळं ती स्वतः सांगू शकते तोवर, तिला शेजारी बसवून आणि चांगल्या वकिलाला विचारून करा. तिच्या पाठीमागे नको.

आणि हो, पुढच्या वेळी शॉशँक बघाल तेव्हा कैदी सिनेमा बघत बसलेत तो प्रसंग नीट बघा. पडद्यावर ‘गिल्डा’च चालू आहे. रिटा केस मागे झटकून वर बघते आणि सगळी खोली ओरडते. ती तेव्हा साधारण २७ वर्षांची होती. त्या बाईला पुढे काय झालं, हे आता तुम्हाला माहितीये.