आलेखी गणकयंत्र आणि परीक्षेचे नियम

कॅसिओ या जपानी कंपनीने १९८५ साली ‘एफएक्स-७०००जी’ बाजारात आणले, तेव्हा समीकरण भरताच त्याचा आलेख पडद्यावर रेखून दाखवणारे, म्हणजे आलेखी, गणकयंत्र प्रथमच विद्यार्थ्यांच्या हाती आले. आज्ञावली साठवायला त्यात जेमतेम ४२२ बाइट जागा होती. तरीही परीक्षेत नेमके कोणते ज्ञान तपासायचे, हा प्रश्न त्याने उभा केला. पुढे झालेले नियम मात्र बरेचदा यंत्राच्या क्षमतेपेक्षा त्याच्या बाह्यरूपावर बेतले गेले, कारण पर्यवेक्षकाला दिसते ते बाह्यरूपच.

अमेरिकेत कॉलेज बोर्डाच्या ‘एपी कॅल्क्युलस’ परीक्षेसाठी, जिच्या गुणांवर विद्यापीठात श्रेयांक मिळू शकतात, १९९५ पासून आलेखी गणकयंत्र आवश्यक ठरले. त्याच वर्षी आलेले ‘टीआय-९२’ हे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे यंत्र बैजिक राशींवरही प्रक्रिया करी, परंतु ते वर्ज्य ठरले ते टंकलेखन यंत्रासारख्या कळफलकामुळे. तीच बैजिक करामत साध्या कळांनिशी करणारे १९९८ चे ‘टीआय-८९’ चालले. याहून शहाणपणाचा उपाय प्रश्नपत्रिकेतच होता. आलेख काढणे, समीकरणाची मुळे शोधणे, विकलज आणि निश्चित संकलन यांची संख्यात्मक किंमत काढणे, एवढ्या चारच कामांसाठी यंत्र गृहीत धरले गेले, परीक्षेचा एक भाग यंत्राविना ठेवला गेला, आणि उत्तरपत्रिकेत यंत्राच्या आज्ञा न उतरवता संकलनाचे चिन्ह त्याच्या सीमांसह गणिताच्या रूढ लिपीत मांडण्याची अट आली. म्हणूनच स्मृती पुसण्याची सक्ती तेथे करावी लागली नाही.

फ्रान्समध्ये बॅकलोरिया ही शालान्त परीक्षा विद्यापीठाची पहिली पदवीही मानली जाते. तेथील १९९९ च्या परिपत्रकाने यंत्राची लांबी-रुंदी २१ × १५ सेंटिमीटरपर्यंत सीमित केली. २०१५ च्या परिपत्रकाने ‘परीक्षा-अवस्था’ आणली, जिच्यात साठवलेला मजकूर उघडत नाही आणि यंत्राच्या वरच्या कडेवर दिवा लुकलुकत राहतो. पोटातली गोष्ट बाहेरून दिसावी, यासाठीचा हा आजवरचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न म्हणावा लागेल.

भारतात अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी होणाऱ्या ‘गेट’ परीक्षेने २०१६ पासून परीक्षार्थीचे स्वतःचे यंत्रच बाहेर ठेवले. पूर्वी आज्ञावली न साठवणारे गणकयंत्र सोबत नेता येई. आता संगणकाच्या पडद्यावरील गणकयंत्राच्या कळा माउसने एकेक दाबाव्या लागतात, आणि त्या गणकयंत्राला आलेख काढता येत नाही.