हिला पगार किती देतात?

टीव्हीवर पहाट झाली होती. एका भव्य इंग्रजी वाड्याच्या तळघरातून डेझी नावाची पोरसवदा मोलकरीण वर येते आणि मालकमंडळी जागी होण्याआधी एकेका दालनातली फायरप्लेस पेटवत जाते. ‘डाउन्टन ॲबी’चा पहिला भाग मी दुसऱ्यांदा पाहत होते. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी पदराला हात पुसत दारात थांबल्या. थोडा वेळ पाहून त्यांनी विचारलं, “काय हो ताई, हिला पगार किती देतात?”

मला उत्तर देता आलं नाही. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीने २०१० ते २०१५ या काळात दाखवलेल्या या मालिकेत यॉर्कशायरमधल्या एका काल्पनिक सरदार घराण्याची १९१२ ते १९२५ या काळातली कथा आहे. तिचं बरंचसं चित्रीकरण झालं ते हॅम्पशायरमधल्या हायक्लेअर कॅसल या खऱ्या वाड्यात. मालकाच्या हाताला शाई लागू नये म्हणून वर्तमानपत्राला इस्त्री कशी करतात, कोणत्या जेवणाला कोणता कोट चालतो, हे सारं मालिकेने मन लावून दाखवलं. पगाराचा आकडा मात्र माझ्या लक्षात राहील असा कुठे आला नव्हता.

म्हणून पुस्तकं काढली. इझाबेला बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थेवरच्या प्रसिद्ध ग्रंथात नोकरांच्या वार्षिक पगाराचा तक्ता आहे. बटलरला २५ ते ५० पौंड. भांडी घासणाऱ्या पोरीला ५ ते ९ पौंड. राहणं-जेवण मालकाकडे. हा तक्ता डेझीच्या आधी पन्नास वर्षांचा. पण तळघरातही केवढी उतरंड होती, हे त्यावरून कळतं.

दुसरी गोष्ट आकड्यांतूनच दिसते. १९११ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ लाख स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. स्त्रियांना रोजगार देणारं याहून मोठं क्षेत्र तेव्हा नव्हतं. यांतल्या फार थोड्या डाउन्टनसारख्या वाड्यात होत्या. बहुतेकींची नोकरी होती ती डॉक्टर, वकील, दुकानदार यांच्या घरी. अनेक घरांत एकच मुलगी, फार तर दोघी. कोळसा वाहणं, पाणी तापवणं, पायऱ्या घासणं, सगळं तिच्याच अंगावर. मालिकेतल्या नोकरांच्या लांबलचक टेबलाभोवतीची थट्टामस्करी, भांडणं, प्रेमप्रकरणं तिच्या वाट्याला येणं कठीणच. तिला बोलायलाच कोणी नव्हतं.

अशा आयुष्याची एक साक्षीदार आहे. मार्गारेट पॉवेल १९०७ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या होव्ह गावी जन्मली. तेराव्या वर्षी तिने शिष्यवृत्ती मिळवली, पण घरी इतकी ओढग्रस्त की पुढे शिकणं शक्य नव्हतं. पंधराव्या वर्षी ती एका घरात स्वयंपाकघरातली मोलकरीण झाली. तिच्या आठवणी १९६८ साली पुस्तकरूपाने आल्या. डाउन्टनमध्ये वर्तमानपत्राला इस्त्री होते. मार्गारेटला बुटांच्या नाड्यांना इस्त्री करावी लागे. एकदा तिने मालकिणीला हातानेच काही दिलं, तेव्हा तिला बजावण्यात आलं की वस्तू चांदीच्या तबकातूनच पुढे करायची. त्या अपमानाची सल पुस्तकात चाळीस वर्षांनंतरही ताजी आहे. मालिकेतली डेझी नोकरीत राहून शिकते, परीक्षा देते, आणि आपण सुखावतो. खऱ्या मार्गारेटच्या बाबतीत शिक्षणाच्या वाटेत उभी राहिली ती हीच नोकरी. लग्न होऊन, तीन मुलगे मोठे झाल्यावर, उतारवयात तिने राहिलेल्या परीक्षा दिल्या.

मालिकेतले अर्लसाहेब दयाळू आहेत. स्वयंपाकिणीची दृष्टी अधू होते, तेव्हा ते तिला शस्त्रक्रियेसाठी लंडनला पाठवतात. असे मालक नव्हतेच, असं मी म्हणणार नाही. पण दया आणि हक्क यांत फरक काय, हे १९११ साली लंडनमध्ये उघड झालं. लॉइड जॉर्ज यांच्या राष्ट्रीय विमा कायद्यानुसार आजारपणाच्या विम्यासाठी मालक आणि नोकर या दोघांनीही दर आठवड्याला काही पेनी भरायचे होते. याविरुद्ध मालकिणींनी त्या नोव्हेंबरात अल्बर्ट हॉलमध्ये प्रचंड सभा भरवली. काही मोलकरणीही त्यांच्या बाजूने होत्या. मालकीण आणि मोलकरीण यांच्यातलं जिव्हाळ्याचं नातं या कायद्याने नासेल, असा त्यांचा एक मुख्य युक्तिवाद होता. कायदा लागू झाला तो जुलै १९१२ मध्ये, म्हणजे डाउन्टनची कथा सुरू होते त्याच वर्षी.

मालिका जसजशी पुढे सरकते तसतशी एक हुरहुर दाटत जाते. नोकर कमी होतात, शेजारचे वाडे विकले जातात, एक युग संपत असल्याचं आपल्याला पुनःपुन्हा सांगितलं जातं. पहिल्याच पर्वात ग्वेन ही मोलकरीण टंकलेखन शिकून कचेरीत नोकरी मिळवते. पहिल्या महायुद्धात हजारो मुली अशाच स्वयंपाकघर सोडून दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या. पण युद्ध संपताच कारखाने बंद झाले. बेकारभत्ता मागायला आलेल्या मुलींना घरकामाच्या जागा दाखवल्या जात आणि ती नोकरी नाकारली की भत्ता बंद होई. १९२० च्या बेकारी विमा कायद्यातून घरगुती नोकर वगळलेच गेले. परिणाम १९३१ च्या जनगणनेत दिसतो: घरकामातल्या स्त्रियांची संख्या पुन्हा सुमारे १३ लाख. युग संपलं ते लिव्हरीतल्या फुटमनचं आणि बटलरचं. एकट्या मोलकरणीचं युग आणखी एका महायुद्धापर्यंत चाललं. वाड्याच्या खिडकीतून पाहिलं तर ती घरं आधीच इतिहासजमा झालेली वाटतात. तळघरातून पाहिलं तर पहाटे उठून कोळसा वाहणं काही थांबलेलं नसतं.

मालिका मला आजही आवडते. डेझीला चेहरा, नाव आणि राग दिला, हे तिचं श्रेय आहे. पण ‘घरातलीच समजतो हो आम्ही तिला’ हे वाक्य ऐकलं की आता मला अल्बर्ट हॉल आठवतो, आणि ते वाक्य मीही कैकदा बोललेली आहे.

चार दिवसांनी मावशींना सांगितलं, “डेझीच्या आधीच्या काळात तिच्यासारखीला वर्षाला पाच ते नऊ पौंड मिळायचे. राहणं-जेवण धरून.” त्यांनी हातातलं पातेलं पालथं घातलं.

“आणि खाडे? ते कापायचे?”

मी पुन्हा पुस्तकं काढली आहेत. पण त्याआधी गेल्या महिन्याच्या कॅलेंडरवर मीच केलेल्या दोन फुल्या खोडल्या.