रावबहादूर लोखंडे आणि आमचे लोखंडे



माझे आडनाव लोखंडे, आणि गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करीत आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे तिसरी गोष्ट लोक आपल्या मनानेच जोडून टाकतात. हा माणूस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या घराण्यातला असला पाहिजे! सभेत ओळख करून देणारे गृहस्थ 'त्या थोर घराण्याचा वारसा' असे काहीसे बोलतात, टाळ्या पडतात, आणि मग उठून 'तसे काही मला ठाऊक नाही' असे म्हणणे म्हणजे दुधात मिठाचा खडा टाकण्यासारखे होते. तो खडा मी दर वेळी टाकीत आलो. परंतु 'ठाऊक नाही' हे उत्तर माणसाने किती वर्षे द्यावयाचे? शेवटी कागद पाहावयाचे ठरविले.

ज्यांच्याशी नाते लावावयाचे ते कोण, हे आधी सांगितले पाहिजे. नारायण मेघाजींचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील, खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईत मांडवीच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते मुंबईतील खंदे कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले 'दीनबंधु' पत्र त्यांनी १८८० पासून मुंबईत चालविले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणीकामगारांच्या सभा भरवून त्यांनी एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय, तर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि यंत्रात सापडून जायबंदी होणाऱ्याला पोटापुरता आधार. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुटी आली. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी नारायण मेघाजी वारले.

एक गोष्ट मला फार विचार करावयास लावते. १८९२ सालच्या एका सरकारी अहवालात असे नमूद आहे की, लोखंड्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला सभासदांची यादी नाही, फंड नाही, नियम नाहीत. जो कामगार येईल त्याला ते आपखुशीने सल्ला देतात, इतकेच. यावरून पुढच्या विद्वानांनी ही संस्था खऱ्या अर्थाने युनियनच नव्हे असा निकाल दिला आहे. मी अनेक युनियनांची रजिस्टरे भरली आहेत, म्हणून सांगतो: यादी शंभर नंबरी आणि गेटवर काळे कुत्रे नाही, असेही मी पुष्कळ पाहिले आहे. असो. माझ्या कामापुरता याचा अर्थ एवढाच की, आमचा कोणी पूर्वज त्या चळवळीत असता तरी त्याचे नाव शोधावयास सभासदांची वही नाही.

तेव्हा घरच्या कागदांकडे वळलो. ही विद्या मी शिकलो ती गिरणीकामगारांच्या घरांच्या प्रकरणांत. २०१२ साली सोडत निघाली त्याच्या आगेमागे शेकडो वारसांची कागदपत्रे मी लावून दिली. तिथे पदोपदी आडनाव आडवे येई. जुन्या मस्टरवर तिकीट नंबर, माणसाचे नाव आणि बापाचे नाव. आडनावाची जागा कोरी. रेशनकार्डावर मात्र आडनाव असे. हाच तो माणूस हे सिद्ध करता करता म्हाताऱ्या बायका थकून जात. एका गिरणीची मस्टरे रद्दीत गेल्याचे ऐकून मी धावलो, तोवर तागडीही उचलली गेली होती. आमच्या आजोबांच्या चाळीच्या भाडेपावत्यांवरही नाव आणि बापाचे नाव एवढेच आहे. 'लोखंडे' प्रथम दिसते ते प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठीवर, म्हणजे १९५२ च्या कायद्यानंतर.

आमचे गाव खटाव तालुक्यात. घराण्याचे कुलदैवत औंधची यमाई. आणि कन्हेरसरलाही यमाईचे देऊळ आहे! हे कळले तेव्हा आमच्या युनियनमधील तरुण मंडळींना इतका आनंद झाला की, त्यांनी पुण्यतिथीच्या पत्रकात माझ्या नावापुढे 'वंशज' हा शब्द घालून प्रूफही आणले. मी तो खोडला. यमाई सासवडजवळ शिवरीलाही आहे. देशावर ती किती घरांची कुलस्वामिनी आहे याची मोजदाद नाही. देवीवरून नाते लावू लागलो तर निम्मा सातारा माझा चुलता निघेल.

लोखंडे हे आडनाव तरी कोणा एकाचे आहे काय? मराठ्यांत आहे, माळ्यांत आहे, धनगरांत आहे, महार-मांगांत आहे. 'कोणते लोखंडे?' असे जो विचारतो त्याला गाव नको असते, जात हवी असते. नारायण मेघाजी माळी समाजाचे. एका ज्ञातिसंस्थेने माझा सत्कार योजिला होता. त्यांनाही हाच प्रश्न होता, फक्त तो त्यांनी हारासकट विचारला. आमची नोंद माळी अशी नाही. कोणती आहे, ते सांगण्याचे येथे प्रयोजन नाही.

तहसीलातील कोतवाल बुके मोडीत आहेत. मी सातवी शिकलेला. मोडी पन्नाशीत शिकलो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर त्या दप्तरखान्यांत पाय ठेवावयास जागा राहिली नाही, आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी जावयाचा मान आला. त्या गर्दीत मला आमच्या खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद सापडली, १८९९ सालची, दुष्काळातली. नाव, बापाचे नाव, जात, मृत्यूचे कारण, आडनाव नाही. 'लोखंडे' हा शब्द प्रथम येतो तो १९११ च्या फेरफारात, पणजोबांच्या नावापुढे. म्हणजे ज्यांचे आम्ही वंशज म्हणवावयाचे, ते वारल्यावर चौदा वर्षांनी!

मग त्याआधी आम्ही कोण होतो? याचे उत्तर हेळव्याने दिले. सुगीनंतर बैल घेऊन येणारा आमच्या घराण्याचा हेळवी वहीतून पिढ्या वाचतो. त्याच्या वहीत आम्ही जाधव आहोत. आमच्या वाड्याच्या पलीकडच्या भिंतीला राहणारे भाऊबंद आजही जाधवच आहेत. दोन्ही घरांचे सुतक एक, दिवटी एक, विहिरीतली पाण्याची पाळी एक. पणजोबा कऱ्हाडच्या बाजारातून लोखंडाच्या धावा आणि फाळ गाडीने वाहून आणीत. गावात जाधव पाच, म्हणून तलाठ्याने ओळखीसाठी 'लोखंडे' लिहिले, आणि ते चिकटले.

आजी म्हणत असे, रविवारची सुटी आपल्याच माणसाने आणली. ती कधी शाळेत गेली नव्हती आणि गिरणीच्या रीळखात्यात तिची उमर गेली होती. 'आपला' या शब्दात तिच्या मनात आडनाव होते असे मला वाटत नाही. तिच्या खात्यात त्या शब्दाचा अर्थ निराळा होता.

यंदा हेळवी आला तेव्हा माझ्या नातीचे नाव वहीत चढवावयाचे होते. आडनाव काय लिहू, असे त्याने विचारले. मी म्हटले, दोन्ही लिहा. त्याने 'जाधव ऊर्फ लोखंडे' असे लिहून घेतले, पान वाळू दिले, आणि पायलीभर ज्वारी नको, रोख द्या, म्हणाला.