साठीची म्हण आणि मेंदूचे चित्र



आपल्याकडे एक म्हण आहे, 'साठी बुद्धी नाठी'. म्हण लहानशी आहे. पण तिने किती वृद्धांवर अन्याय केला याचा हिशेब कोणी ठेविलेला नाही. मी राहणारा लातूर जिल्ह्यातील रेणापूरचा. माझ्या बालपणी आमच्या आळीत एक वृद्ध गृहस्थ होते. पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंत सारे पाढे त्यांस मुखोद्गत. पुढे पुढे हाच मनुष्य रेणुकादेवीच्या देवळातून घरी येण्याची वाट विसरू लागला. जेवण आटोपताच पुन्हा ताट मागू लागला. मुले हसत, घरची माणसे चिडत आणि जाणते लोक ही म्हण उच्चारून मोकळे होत. हसणाऱ्या मुलांत मीही होतो. आज स्वतः साठी ओलांडल्यावर त्या हसण्याची लाज वाटते. त्या गृहस्थांच्या मस्तकात काय घडत होते, हे डोळ्यांनी पाहावयास मनुष्य कोणत्या वाटेने शिकला, ते आज सांगावयाचे आहे.

सन १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात एक बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहिणेही जड जाऊ लागले होते. तिचे वय होते ५१. म्हणजे म्हणीप्रमाणे बुद्धी जाण्यास अजून नऊ वर्षे अवकाश होता! तिला तपासणारे वैद्य होते डॉ. आलॉइस अल्झायमर. १९०६ च्या एप्रिलात ती निवर्तली, तेव्हा त्यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप करून ते चांदीच्या क्षाराने रंगविले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरिले. मज्जापेशींच्या आत तंतूंचा गुंता झालेला होता व पेशींच्या अवतीभोवती कसल्याशा द्रव्याची पुटे साचली होती. हा शोध त्यांनी त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्युबिंगेन येथील सभेत मांडला. सभेने मात्र त्याची विशेष दखल घेतली नाही. १९१० साली क्रेपेलिन या विद्वानाने आपल्या ग्रंथात त्या रोगास अल्झायमरचे नाव दिले.

तरीही म्हण मेली नाही. हा रोग अकाली विस्मरणाचा, आणि म्हातारपणीचे विस्मरण ते वयाचेच, असा समज पुढे अर्धे शतक टिकला. १९६८ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथील ब्लेस्ड, टॉमलिन्सन व रॉथ या तिघांनी वृद्ध रोग्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासून दाखविले की, पुष्कळांच्या मेंदूत अल्झायमरने वर्णिलेल्याच खुणा असतात. वय निराळे आणि व्याधी निराळी, हे येथे स्पष्ट झाले. अडचण एवढीच की, हा निर्वाळा मिळावयास रोग्याला आधी मरावे लागे!

जिवंत मेंदूकडे पाहावे कसे? या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच वर्षी, १९७१ साली, पुढे आली. पहिले आपल्या मुंबईचे. मज्जारोगतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी डॉ. स्वामी यांच्यासह नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. या रोग्यांचा तोल जाई. शिवाय एका वस्तूवरून दुसरीकडे पाहताना त्यांचे डोळे झटकन वळत नसत, संथपणे सरकत. मेंदूच्या आत चाललेली झीज वाडियांनी डोळ्यांच्या चालीवरून ओळखली. हे वर्णन पुढे ज्या रोगाशी जुळले, त्याच्या मुळाशी असलेला जनुक १९९६ साली सापडला.

दुसरे उत्तर लंडनचे. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी हाउन्सफील्ड नामक अभियंत्याच्या यंत्राने एका रोगी स्त्रीच्या मेंदूची प्रतिमा घेतली. यातील युक्ती शाळेतील मुलांसही समजेल. पाटीवर नऊ घरांचा चौकोन आखून त्यांत अंक लिहावे व झाकून ठेवावे. मग आडव्या, उभ्या आणि लहानमोठ्या सर्व तिरप्या ओळींच्या बेरजा तेवढ्या सांगाव्या. हुशार मुलगा त्या बेरजांवरून प्रत्येक घरातील अंक हुडकून काढतो. क्ष-किरण मस्तकातून अनेक दिशांनी पार जातो तेव्हा तो अशीच एकेक बेरीज बाहेर आणतो. संगणक त्यांवरून आतील घरे भरतो आणि प्रत्येक अंकास काळ्यापांढऱ्याची एकेक छटा देतो. त्या पहिल्या प्रतिमेत ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० घरे होती. पुढे चुंबकशक्तीचा उपयोग करणारे एमआरआय यंत्र आले आणि मेंदूची करडी साल किती जाड, किती पातळ, हेही मोजता येऊ लागले.

मग या अंकांना रंग चढले. २००३ साली लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या पॉल थॉम्पसन व सहकाऱ्यांनी १२ अल्झायमर रोग्यांच्या मेंदूच्या प्रतिमा काही काळाच्या अंतराने पुन्हा घेऊन त्यांची निरोगी वृद्धांशी तुलना केली, आणि झिजेचा चालता नकाशा तयार केला. रोग्यांची करडी साल वर्षास सुमारे पाच टक्के झिजत होती; निरोगी वृद्धांची एक टक्क्याच्या आसपास. झीज कानशिलाआडच्या, स्मृतीशी निगडित भागात आरंभ पावून कपाळाकडे सरकत होती. हातापायांची हालचाल चालविणारा भाग बराच काळ बचावत होता. आमच्या आळीतील गृहस्थ वाट विसरत, पण धोतराच्या निऱ्या मात्र बिनचूक घालीत, याचे कोडे मला तो नकाशा पाहून उलगडले.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. हे रंग मेंदूचे नव्हेत. ते गणिताचे आहेत. दोन प्रतिमांमधील अवस्था संगणकाने अंदाजून भरलेल्या असतात. शिवाय झीज ठरवावयाची तर निरोगी मेंदूचे माप हवे, आणि जगभर प्रचलित असलेले माप कॅनडातील माँट्रियल येथे पाश्चात्त्य लोकांच्या मेंदूवरून बसविलेले. एका शेराने दुसऱ्या गावचे धान्य मोजण्यासारखे हे झाले. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या संस्थानात होता, त्याची राजधानी हैदराबाद. तेथील माहिती तंत्रज्ञान संस्थेत जयंती शिवस्वामी व सहकाऱ्यांनी १०० निरोगी भारतीय तरुण स्त्रीपुरुषांच्या प्रतिमांवरून २०१९ साली भारतीय मेंदूचा नकाशा सिद्ध केला. आपला मेंदू त्या मापाहून सरासरीने लांबी, रुंदी व उंचीस किंचित लहान आढळला. याचा बुद्धीशी संबंध नाही. पण परक्या मापाने निरोगी मेंदूही आक्रसलेला भासण्याचा धोका आहे, हे ध्यानी घ्यावे. वृद्धांचे माप तरुणांवरून काढता येत नाही, सबब आपल्या वृद्धांचेही स्वतंत्र माप हवे.

चित्राने रोग बरा होत नाही. मग लाभ काय? लाभ हा की, दोष माणसावरून उठून रोगाकडे जातो. लंगडणाऱ्यास कोणी 'आळशी' म्हणत नाही, कारण मोडलेला पाय दिसतो. विसरणाऱ्याचा मोडलेला भाग दिसत नव्हता, म्हणून तो हट्टी ठरला, वेडा ठरला. आता तो भाग दिसू लागला आहे. आपल्या घरी कोणी वडीलधारे वाट चुकू लागले, तर म्हण न उच्चारता आधी त्यांचा हात धरावा आणि मग वैद्याकडे न्यावे. माझ्या आळीतील त्या गृहस्थांचा हात धरण्याची बुद्धी मला तेव्हा झाली नाही. नाठी बुद्धी खरोखर कोणाची होती, हे आपणच ठरवावे.