ज्या पाण्याला तिथि नाहीं

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील देवनारचें नांव अलीकडे कचऱ्याच्या डोंगरासाठींच घेतलें जातें. १९२७ सालापासून शहराचा केरकचरा तेथें टाकूं लागले आणि त्या गांवाची जुनी ओळख त्या ढिगाखालीं दडपली गेली. ती ओळख खाडीची. देवनार, माहूल, तुर्भें या बाजूच्या मच्छीमारांपुढें रोज एकच प्रश्न उभा असे: आज जाळें टाकावें कीं न टाकावें? त्याचें पहिलें उत्तर पंचांगांत मिळे. तिथीला पाऊणपट केलें कीं पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. दिवसा जशी, तशीच सुमारें रात्रींही. उधाणाला पाणी जोरानें चढतें आणि उतरतें, भांगाला तें सुस्तावतें, आणि कोणतें जाळें कोठें लावावें हें त्यावरून ठरतें. हा हिशेब मिनिटाला मिनिट जुळत नाहीं, आणि वारा तर केव्हांही दगा देतो. तरी आरंभीं हातीं धरावयास एक खुंटी असते.

याच देवनारच्या उत्तरेस पांचेक मैलांवर पवईचा तलाव आहे. तेथें ही खुंटी उपयोगी पडत नाहीं. चंद्राची ओढ त्या लहानशा गोड्या पाण्याला जाणवण्याजोगी हलवीत नाहीं. मग तलावाच्या कांठीं गळ टाकून बसणारानें आजचा दिवस अनुकूल आहे कीं प्रतिकूल, हें कशावरून ओळखावें? त्या ओळखीचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं येथें पाणीच नवें आहे. खाडीचें शास्त्र बापाकडून मुलाकडे शेंकडों वर्षें आलें. तलावाच्या शास्त्राला तशी परंपरा असणें शक्यच नव्हतें. विहारचा तलाव १८६० सालीं पुरा झाला, तुळशीचा १८७९ सालीं, आणि मिठी नदीला मिळणारा ओढा अडवून पवईचा तलाव १८९१ सालीं तयार झाला. फ्रामजी कावसजी यांच्या पवई इस्टेटीवरून त्याला हें नांव मिळालें. तलाव बांधला तो तहानलेल्या मुंबईसाठीं. पण त्याचें पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं. ही गोष्ट गळाच्या शौकिनांच्या मात्र पथ्यावर पडली. जें पाणी नळांतून घरोघर जावयाचें, त्याच्या कांठावर कोणाला बसूं देत नाहींत.

धरणापूर्वी या डोंगरांतल्या ओढ्यांना एक ठराविक मुहूर्त होता. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, ओढे गढूळ होऊन वाहूं लागले, कीं मासे प्रवाहाच्या उलट चढत शेतांपर्यंत येत. ठाण्या-कुलाब्याकडे यालाच वलगण म्हणतात. त्या दिवशीं परीक्षा करावी लागत नसे. टोपली घेऊन धांवावें लागे. ओढ्यावर बांध पडला कीं ही वाट तुटते. शिवाय तलावांत जे मोठे मासे सोडतात, ते रोहू, कटला आणि मृगळ, मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे. वाहत्या पुराच्या पाण्यावांचून ते सहसा अंडीं घालीत नाहींत. १९५७ सालीं हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांत माशांच्याच मस्तकांतील ग्रंथीचा अर्क टोंचून त्यांना अंडीं घालावयास लाविलें, तोंवर पिल्लें नद्यांतून गोळा करून आणावीं लागत. म्हणजे पवईचें पाणी माणसानें अडविलेलें आणि त्यांतला हा मासाही माणसानेंच आणून सोडलेला. त्याच्या वागण्याचें पंचांग कोणी आजोबांनीं लिहून ठेवलेलें असावें तरी कसें?

तथापि गळाची विद्या आपल्याकडे नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यांत राजाच्या करमणुकींमध्यें मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान आहे. कोणता मासा कोणत्या पाण्यांत राहतो, काय खातो, त्याला एका जागीं चारा घालून कसें संवयीचें करावें आणि मग गळ कसा टाकावा, याचें त्यांत वर्णन आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणावर निबंध लिहून तें अभ्यासकांपुढें आणलें. मला या ग्रंथांतली चाऱ्याची युक्ति विशेष वाटते. दिवस चांगला येण्याची वाट पाहत न बसतां चाऱ्यानें तो चांगला करून घ्यावा, असा राजाचा खाक्या!

पवईच्या कांठीं मात्र सोमेश्वर आला नाहीं; आले इंग्रजांचे ग्रंथ. आयझॅक वॉल्टनचें गळावरील पुस्तक १६५३ चें. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्याचें हिंदुस्थानांतील गळाविषयींचें पुस्तक १८७३ चें. वॉल्टनच्या पुस्तकांत दक्षिणेचा वारा गळाला उत्तम मानला आहे. इंग्लंडांत तो वारा ऊब घेऊन येतो, म्हणून तेथें तें ठीकच आहे. मुंबईला ऊब उसनी आणावी लागत नाहीं! येथें वाऱ्याचा प्रश्न निराळा. दुपारीं समुद्रावरून वारा सुटला कीं तो वरचें पाणी आणि त्यांतले सूक्ष्म जीव समोरच्या कांठाकडे लोटतो, आणि माशांनाही तिकडे चारा सांपडतो. म्हणून वारा कोणत्या दिशेचा, यापेक्षां तो कोणत्या कांठावर आदळतो, हें पाहावें. वायुभारमापकावर विसंबणारेही पुष्कळ आहेत. पण हवेचा दाब दहा मिलिबारनें उतरला तरी तो फरक अवघ्या चार इंच पाण्याइतका. मासा वीतभर वर-खालीं झाला तर त्याहून अधिक फरक सोसतो. तेव्हां पारा उतरल्यानें मासा गळाला लागतो, हें मला पटत नाहीं. त्याबरोबर येणारे ढग आणि वारा हेंच खरें कारण असावें.

खरी किल्ली पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूंत आहे. तो मोजण्याची खात्रीची रीत हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ विंकलर यानें १८८८ सालीं दिली, म्हणजे पवईचा तलाव पुरा होण्यापूर्वी तीनच वर्षें. वीस अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर तीस अंशांला साडेसात. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पति उन्हाच्या बळावर त्यांत भर घालतात. रात्रीं त्या स्वतःच तो खातात. म्हणून सूर्योदयापूर्वीची घटका पाण्याची सर्वांत गरिबीची. चैत्र-वैशाखांत वरचें पाणी तापून हलकें होतें, तळचें थंड पाणी त्यांत मिसळत नाहीं, आणि तळाशीं चरणारा मृगळ वर सरकतो. कटला वरच्या थरांतला आणि रोहू मधल्या. तेव्हां गळ किती हात खोल सोडावा हें त्या दिवसाच्या उष्णतेवरून ठरतें. पाण्याची गढूळता पाहण्यास अँजेलो सेक्की या रोमच्या धर्मगुरु-ज्योतिषानें १८६५ सालीं भूमध्य समुद्रांत पांढरी तबकडी सोडून पाहिली. आपल्याकडे पांढऱ्या रंगाची थाळी दोरीला बांधून सोडली तरी काम भागतें. ती किती खोलीवर दिसेनाशी होते, तें रोज लिहून ठेवावें म्हणजे झालें.

पवईला स्वातंत्र्यापूर्वीपासून गळाच्या शौकिनांची संघटना आहे. आज ती महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या नांवानें ओळखली जाते. या मंडळींना रिकामटेकडे म्हणण्याची लोकांना हौस आहे. परंतु तलावाभोंवतीं इमारती उठल्या, सांडपाणी त्यांत येऊं लागलें, जलपर्णी माजली, आणि त्या सगळ्या काळांत रोज पहाटे पाण्याकडे टक लावून बसणारीं माणसें हींच होतीं. जलपर्णीनें पाणी झांकलें कीं खालच्या शेवाळाला ऊन मिळत नाहीं. सांडपाण्यांतला मळ कुजतांना उरलासुरला प्राणवायुही खातो. मग जुन्या खुणांचा अर्थ उलटतो. पृष्ठभागावर मासे खळबळूं लागले कीं पूर्वी दिवस सोन्याचा मानीत. आतां कोणता मासा वर आला हें आधीं पाहावें लागतें. मरळ वर आली तर त्यांत विशेष नाहीं. ती जातीनेंच हवा घेण्यास वर येते, आणि तिच्यासाठीं गळ जरूर टाकावा. पण ढगाळ, निर्वात रात्रीनंतर रोहू, कटला आणि मृगळ तिन्ही एकदम कांठाशीं येऊन तोंडें वर करून हवेला आ वासूं लागले, तर ते भुकेनें आलेले नसतात. अशा सकाळीं उत्तमांतल्या उत्तम आमिषालाही मासा तोंड लावीत नाहीं. तो हातानें उचलून घेतां येतो.