हाणामारीचे खेळ व त्यांची रूपांतरे

नागपूर-नागभीड या अरुंदमापी लोहमार्गावरचे कुहीचे स्थानक ज्यांनी पाहिले असेल, त्यांना तेथे थांबणारी छोटी गाडीही आठवत असेल. मार्ग रुंद करण्यासाठी २०१९ साली ती बंद झाली. तिचे डबे लहान होते आणि वेग बेताचा होता. पण गाडी लहान म्हणून प्रवास खोटा, असे कोणी कुहीकर म्हणाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मोठ्या मापाची वस्तू लहान मापात बसवावयाची झाली म्हणजे काही तरी गाळणे भागच असते. प्रश्न एवढाच, की काय गाळावे आणि काय प्राणपणाने राखावे? देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तेव्हा नावे बदलली, स्थळ बदलले. मत्सराची आग मात्र तशीच ठेविली. म्हणून ते रूपांतर जगले. हीच कसोटी आज आम्ही व्हिडिओ-खेळांस लावू इच्छितो. असला विषय या पृष्ठांवर पाहून काही वाचक हसतील. परंतु ज्या वस्तूने आपल्या घरांतील एका पिढीचे बालपण व्यापिले, तिचा इतिहास लिहिणे अगदीच अप्रस्तुत नव्हे.

नायकाने रस्त्याने पुढे पुढे जावे आणि वाटेत येतील त्या गुंडांस ठोशांनी व लाथांनी लोळवावे, हे या हाणामारीच्या खेळांचे सर्वसाधारण कथानक. या प्रकाराला खरे रूप दिले ते जपानातील टेक्नोस या कंपनीने १९८७ साली काढलेल्या ‘डबल ड्रॅगन’ने. त्यात बिली व जिमी हे दोघे भाऊ, म्हणजेच दोन खेळणारे, एकाच वेळी पडद्यावर शेजारी शेजारी उभे राहून लढत. हा खेळ पार्लरमधील मोठ्या यंत्राचा, नाणे टाकून खेळावयाचा. नाणे एकाने टाकले, की दुसरा आपोआप बाजूस येऊन उभा राही. दोघांचे खांदे एकमेकांस लागलेले असत, आणि आमच्या मते खेळाचा अर्धा आनंद त्या खांद्यांत होता.

पुढे हे खेळ घरात आले. निंटेंडो कंपनीने १९८३ साली जपानात ‘फॅमिकॉम’ हे घरगुती यंत्र विक्रीस काढले. १९९० नंतर त्याच्या नकला आपल्या बाजारपेठांत मुबलक मिळू लागल्या व मुले त्यांच्या खेळांना ‘कॅसेट’ म्हणू लागली. या यंत्राची शक्ती फार मर्यादित. पडद्यावरील हलती चित्रे लहान लहान तुकड्यांची बनत, आणि एका आडव्या ओळीत असे आठांहून अधिक तुकडे ते दाखवू शकत नसे. चार-पाच गुंड एका रांगेत आले, की चित्रे लुकलुकू लागत. १९८८ साली ‘डबल ड्रॅगन’ या यंत्रावर उतरला, तेव्हा रूपांतरकारांनी दोघांचे एकत्र लढणेच गाळले. कथेच्या खेळात आता पाळीपाळीने खेळावयाचे. इतकेच नव्हे, तर जिमी हा भाऊच अखेरचा शत्रू होऊन समोर ठाकला!

कुहीस आमच्या घरी ही कॅसेट होती. आमचे दोन पुतणे ती खेळत. म्हणजे एक खेळे आणि दुसरा त्याच्या मरणाची वाट पाहत बसे. पार्लरमध्ये एकमेकांस सावरून घेणारी ही मुले घरी त्याच खेळावरून भांडताना आम्ही पाहिली आहेत. दोष मुलांचा नव्हता.

यंत्रच दुबळे, तेथे रूपांतरकाराने काय करावे, असा आक्षेप कोणी घेईल. पण याच यंत्रावर १९८९ साली आलेल्या ‘डबल ड्रॅगन’च्या दुसऱ्या भागात दोघे भाऊ पुन्हा एकत्र लढू लागले. १९९० साली कोनामीने आपला कासवांचा खेळ, ‘टीनेज म्युटंट निंजा टर्टल्स’, तेथे आणिला. चित्रांची ऐट उणावली. पण जोडीदार राखला आणि शिवाय दोन नवे टप्पेही घातले. याउलट कॅपकॉमच्या ‘फायनल फाइट’ची गोष्ट. मूळ खेळ १९८९ चा. पुढच्याच वर्षी तो ‘सुपर फॅमिकॉम’ या अधिक समर्थ यंत्रावर आला. देहधारी नायक मोठ्या डौलाने उतरले. परंतु तिघांतला गाय हा नायक गेला, कारखान्याचा संपूर्ण टप्पा गेला, आणि दोघांनी मिळून खेळणेही गेले. सेगाने १९९१ साली घरासाठीच रचिलेल्या ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ने मात्र दोघांची सोय पहिल्यापासून ठेविली. तात्पर्य, रूप राखून जीव गमावण्यापेक्षा रूप उणे करून जीव राखणारे रूपांतर श्रेष्ठ होय. आणि या खेळांचा जीव म्हणजे सोबत.

आपल्याकडे सर्वांत लाडका ठरलेला खेळ तर कोणत्याच घरगुती यंत्रावर उतरला नाही. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा तो खेळ. मूळ नाव कोणी उच्चारीत नसे. चार नायकांपैकी एकाच्या नावावरून तो आपल्याकडे ‘मुस्तफा’ झाला. तो पार्लरमध्येच राहिला, आणि पुढे संगणकावर मोठ्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी साधने आली, तेव्हा काहीही न गाळता घरी आला.

गेल्या दिवाळीस आमचे पुतणे कुहीस जमले होते. थोरला मिरचीची शेती पाहतो, धाकटा पुण्यास नोकरीस असतो. वाटणीच्या बोलण्यावरून वर्षभर दोघांत अबोला होता. धाकट्याच्या संगणकावर ‘मुस्तफा’ लागलेला पाहून थोरला काही न बोलता शेजारी येऊन बसला. त्या खेळात एका वेळी तिघांस जागा असते. “काका, तुम्हीही या,” असे धाकटा म्हणाला. आम्ही पहिल्याच टप्प्यात मेलो. ते दोघे बरेच पुढे गेले.