फ्रिमलीचे थडगे

धार आणि देवास येथील पवार घराण्याच्या छत्र्या आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पूर्वजांची समाधी वंशजांनी राखावी, हा संस्कार माळव्यातील मराठी माणसाच्या अंगवळणी पडला आहे. म्हणूनच, ज्याच्याशी ना रक्ताचे नाते ना धर्माचे, अशा माणसाचे थडगे परमुलुखात जाऊन कोणी राखले, हे वाचले की नवल वाटते.

इंग्लंडात सरे परगण्यात फ्रिमली नावाचे गाव आहे. तेथील सेंट पीटर चर्चच्या आवारात कर्नल जॉन पेनिक्विक यांचे दफन झाले. (अमेरिकन कथाकार ब्रेट हार्ट यांचेही थडगे तेथेच आहे, पण तो विषय वेगळा.) पेनिक्विक यांचा जन्म १५ जानेवारी १८४१ रोजी आपल्या पुण्यात झाला. वडील इंग्रजी फौजेत ब्रिगेडियर होते. १३ जानेवारी १८४९ रोजी चिलियांवाला येथे शिखांशी झालेल्या लढाईत ते आणि त्यांचा मुलगा अलेक्झांडर एकाच दिवशी धारातीर्थी पडले. धाकट्या जॉनला आठ वर्षे पुरी व्हायला त्या वेळी दोन दिवस उरले होते. बाप व भाऊ पंजाबात राहिले आणि हा १९११ साली फ्रिमलीच्या मातीत विसावला. या घराण्याची समाधिस्थाने अशी विखुरलेली आहेत.

पेनिक्विक पुढे मद्रास इलाख्यात स्थापत्य अभियंता झाले. सह्याद्रीतून पश्चिमेस वाहणारी पेरियार अडवावी, डोंगरातून बोगदा खोदून तिचे पाणी पूर्वेस मदुरेकडील कोरड्या मुलखात सोडावे, हा त्यांचा उद्योग. आपल्या कोयनेच्या पाण्याचा प्रवास याच्या नेमका उलट, पूर्वेकडून पश्चिमेस. १८८६ साली त्रावणकोरशी ९९९ वर्षांचा करार झाला, १८८७ मध्ये काम सुरू झाले आणि १८९५ मध्ये मुल्लपेरियार धरण उभे राहिले. चुना, सुरखी व दगड यांचे हे बांधकाम पुराने वारंवार वाहून जाई. पेनिक्विकांनी पत्नीचे दागिने विकून काम पुरे केले, अशी कथा तेथे घरोघर सांगतात. खर्च मद्रास सरकारचा होता. तेव्हा ही कथा इतिहास म्हणून स्वीकारणे मला अवघड वाटते. मात्र लोक आपल्या उपकारकर्त्याला कोणत्या रूपात पाहतात, हे ती चोख सांगते.

या धरणाच्या सुरक्षिततेवरून केरळ व तमिळनाडू यांच्यात कडाक्याचा वाद आहे. परंतु थेनीकडील शेतकरी पेनिक्विकांच्या जन्मदिनी पोंगल शिजवितात, मुलांना त्यांचे नाव ठेवतात. २०१३ साली लोअर कॅम्प येथे त्यांचे स्मारक झाले, २०२२ साली फ्रिमलीजवळच्या कॅम्बर्ली येथे पुतळा बसला. फ्रिमलीच्या थडग्याच्या जीर्णोद्धारासाठीही तमिळ मंडळींनीच पुढाकार घेतला. १९९० च्या उन्हाळ्यात आगगाडीने आलेले पाणी प्यालेल्या देवासकरांना या भक्तीचे मर्म निराळे समजावून सांगावे लागू नये.

धरणाच्या उत्तरेस आणखी एक दफनभूमी आहे. बांधकामाच्या काळात रोगराईने दगावलेली ४८३ माणसे तेथे पुरलेली आहेत. त्यांच्या नावाने कोणी पोंगल शिजवीत नाही.